सेक्रेटरी को गुस्सा क्यों आता है
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण. वक्त्यांच्या आग्रहावरून जसेच्या तसे छापत आहोत. – संपादक मंडळ)

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, सोसायटीचे कायमचे सभासद, शनिवार-रविवारचे सभासद, भाडेकरू बंधू-भगिनी आणि पुढे सतरंजीवर बसलेली बच्चेकंपनी, जिचं लक्ष माझ्याकडे नसून मागे तव्यावर चाललेल्या पावभाजीकडे आहे!

मला वेळ दिलाय दहा मिनिटं आणि विषय दिलाय ‘सोसायटीतील सांस्कृतिक उपक्रम’. गणेशोत्सव, कोजागरी, हळदीकुंकू, भोंडला यांवर आधीचे वक्ते बोलले आहेत आणि चांगलं बोलले आहेत. माझ्या वाट्याला उरला तो आमचा शनिवारचा सिनेमा. याला उपक्रम म्हणावं की नाही, यावर कमिटीत मतभेद आहेत. खर्चाला कधी मंजुरी घेतली नाही, कारण खर्चच नव्हता. प्रोजेक्टर सी-नऊचा, स्पीकर गणपतीचा आणि पडदा म्हणजे आमच्या घरातली डबल बेडची चादर. त्या चादरीवर डाव्या कोपऱ्यात एक फुलाचं भरतकाम आहे. बारा वर्षं प्रत्येक हिरोच्या खांद्यावर ते फूल आम्ही बघितलंय.

रौप्यमहोत्सव हा शब्द मुळात आम्हाला सिनेमामुळे कळला. आमच्या लहानपणी सिनेमा पंचवीस आठवडे चालला की रौप्यमहोत्सव व्हायचा, थिएटरवर तोरणं लागायची. दादा कोंडक्यांच्या नऊ चित्रपटांनी असा रौप्यमहोत्सव केला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आपल्याला पंचवीस वर्षं लागली. चालायचंच. दादांना पाण्याच्या टँकरची बिलं भरायची नव्हती.

तर सिनेमाचा खेळ कसा सुरू झाला ते सांगतो. लोणावळ्याचा जुलै तुम्हाला माहीत आहे. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यातला बराचसा जुलैतच. पर्यटकांना मजा असते, भुशी डॅमवर भजी खायची आणि संध्याकाळी घरी जायचं. आपण कुठे जाणार? भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, समोरची बिल्डिंग धुक्यात दिसत नाही. अशा एका शनिवारी आम्ही पाच जण सोसायटीच्या ऑफिसात वीज येण्याची वाट बघत बसलो होतो. एकमेकांना नावाने हाक मारायची पद्धत आमच्यात नाही, फ्लॅट नंबरनेच मारतो. ए-दोन, बी-सात, बी-अकरा, सी-नऊ आणि मी. मी तेव्हा नुकताच सेक्रेटरी झालो होतो, त्यामुळे मला नंबर नव्हता.

बी-सात म्हणाले, ‘‘काय हा गाभ्रीचा पाऊस!’’ ते मूळचे वऱ्हाडातले. आम्हाला वाटलं, शिवी दिली. ते म्हणाले, ‘‘शिवी आहेच, पण सिनेमाचं नावसुद्धा आहे.’’ झालं, त्यावरून सुरू झालं. कोणी म्हणालं, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’. कोणी म्हणालं, ‘दो गज जमीन के नीचे’. त्यावर बी-अकरा म्हणाले, हा आपल्या पार्किंगवरचा आहे वाटतं. तासभर वीज आली नाही आणि तासभर आम्ही फक्त नावं घेत हसत होतो. शेवटी ठरलं की दर शनिवारी एकाने असा सिनेमा आणायचा, ज्याचं नाव ऐकून बाकीच्यांनी आधी हसलं पाहिजे. सिनेमा चांगला असण्याची अट नव्हती. पाळी ठरली, शंभर पानी वही केली. वहीत तारीख, सिनेमाचं नाव, आणणाऱ्याचा नंबर आणि शेरा.

पहिला मान अर्थातच ‘गाभ्रीचा पाऊस’ला. २००९ चा, सतीश मनवर यांचा. नाव ऐकून आम्ही धमाल विनोदी समजून चहा-भजी घेऊन बसलो. तो निघाला विदर्भातल्या कापसाच्या शेतकऱ्याचा. शेजारच्याने आत्महत्या केली म्हणून बायकोला धास्ती बसलेली. नवऱ्यावर डोळा ठेवायला ती मुलाला, सासूला मागे लावते, आणि पाऊस काही येत नाही. बाहेर आपल्याकडे तो धो-धो कोसळत होता. भजी तशीच राहिली. वहीत शेऱ्याच्या रकान्यात बी-सातने एवढंच लिहिलंय, ‘भजी परत’.

पण सगळेच शनिवार असे नव्हते. १९५६ साली राजा परांजपे यांचा ‘आंधळा मागतो एक डोळा’ आला आणि १९७३ मध्ये दादांचा ‘आंधळा मारतो डोळा’. या दोन नावांत किती अंतर आहे ते सुज्ञांना सांगायला नको. सी-नऊने ग्रुपवर नुसतं टाकलं, ‘शनिवारी आंधळा, डोळा’. पहिला समजून आमच्या घरची मंडळी, शेजारच्या आजी, सगळ्या सहकुटुंब आल्या. पेन ड्राइव्हमधून निघाला दुसरा. आम्ही पुरुष घाबरून गेलो, आणि आजी मात्र मागच्या खुर्चीवर सगळ्यांत जास्त हसत होत्या.

त्याहून मोठा गोंधळ ‘ब्रँडीची बाटली’ने केला. हा १९३९ चा, लेखन आचार्य अत्रे, दिग्दर्शन मास्टर विनायक आणि मुख्य भूमिकेत दामुअण्णा मालवणकर. साधाभोळा म्युनिसिपालिटीतला कारकून, औषधासाठी ब्रँडी पाहिजे म्हणून शोधायला निघतो, आणि ती मिळते कुठे हेच त्याला माहीत नसतं. त्याच साली ऑगस्टमध्ये मुंबईत दारूबंदी आली, म्हणजे बघा, किती ताजा विषय. मी नोटीस बोर्डावर सरळ लिहिलं, ‘शनिवारी सायं. ७.३० वा. गच्चीवर ब्रँडीची बाटली. इच्छुकांनी वेळेवर यावे.’ एरवी वार्षिक सभेला कोरम भरत नाही, अर्धा तास तहकूब करावी लागते. त्या दिवशी गच्चीवर उभं राहायला जागा नव्हती. दोन सभासद तर शेंगदाणे घेऊन आले होते, त्यांची नावं मी सांगणार नाही, ते आत्ता तिसऱ्या रांगेत बसले आहेत. सगळे शेवटपर्यंत थांबले, हे मात्र खरं. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या सिनेमावर पोरं खळखळून हसली.

सी-नऊच्या मुलाने एकदा ‘गुंडा’ आणला, १९९८ चा, कांती शहांचा, मिथुन चक्रवर्तींचा. त्यात सगळे यमक जुळवून बोलतात. कॉलेजातल्या मुलांना तो तोंडपाठ असतो म्हणे. त्यातल्या खलनायकांपैकी एकाचं नाव या स्मरणिकेत छापता येणार नाही. आम्ही वीस मिनिटांत बंद केला आणि पुढच्या शनिवारी, मुलं नसताना, पुढचा बघितला. हे मी कमिटीला आज पहिल्यांदाच सांगतोय.

आता ए-दोनबद्दल.

ए-दोनला आम्ही नाना म्हणतो. वयाने आमच्यात मोठे. जन्म गिरगावातल्या चाळीतला, नोकरी छापखान्यात, आणि निवृत्तीनंतर लोणावळ्यात तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. पायऱ्या नकोत म्हणून मुद्दाम तळमजला. सिनेमाची नावं आम्हाला माहीत असायची, नानांना त्यामागची गोष्ट माहीत असायची. छापखान्यातला माणूस, त्यामुळे त्यांना पहिलं प्रेम दादासाहेब फाळक्यांवर. आपल्याला फाळके म्हटलं की ‘राजा हरिश्चंद्र’ आणि नाशिक आठवतं. नाना म्हणायचे, ‘‘अहो, तुम्ही लोणावळ्यात राहता आणि हे माहीत नाही? सिनेमा काढायच्या आधी फाळके इथेच होते.’’ आणि ते खरं आहे. मळवलीला राजा रविवर्म्यांचा छापखाना होता, ज्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं तुमच्या-आमच्या आज्यांच्या देवघरात होती. त्या छापखान्यासाठी फाळक्यांनी काम केलं, आणि १९०८ च्या सुमारास स्वतःचा ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ काढला तो लोणावळ्यातच. पुढे तो दादरला गेला. फाळके जादूचे प्रयोगही करायचे आणि त्यासाठी नाव घ्यायचे प्रोफेसर केळफा. म्हणजे फाळके उलटं वाचायचं. चिक्की घ्यायला बाजारात गेलो की मला नेहमी वाटतं, हा माणूस याच रस्त्याने छत्री घेऊन गेला असेल, आणि त्यालाही जुलैत कागद वाळवायची पंचाईत होत असेल.

१९१४ साली फाळक्यांनी एक छोटा चित्रपट केला, त्याचं नाव ‘पिठाचे पंजे’. नानांच्या मते जगातल्या सगळ्या विचित्र नावांचा हा बाप. फाळक्यांचे बहुतेक चित्रपट आज शिल्लक नाहीत, त्यामुळे हा काही कुठे बघायला मिळत नाही. पण नानांची पाळी आली की आम्ही विचारायचो, ‘‘नाना, काय आणताय?’’ आणि ते गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, ‘‘पिठाचे पंजे.’’ मग खिशातून दुसराच पेन ड्राइव्ह काढायचे. बारा वर्षांत हा विनोद त्यांनी किती वेळा केला असेल! दर वेळी आम्ही हसलो.

नानांमुळेच आम्ही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटवाल्यांकडे वळलो. प्रभातच्या जागेत १९६० साली इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी नावं काय काय ठेवली! कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ तयार झाला १९८८ मध्ये आणि थिएटरात लागला २०१४ मध्ये. सव्वीस वर्षं! आपल्या सोसायटीपेक्षा एक वर्ष जास्त. राजस्थानातलं गाव, एक मुलगा आणि बेडकांच्या पोटात हिरे. आम्हाला काहीही कळलं नाही. बी-अकरा घोरत होते. नाना एकटे शेवटपर्यंत ताठ बसून होते. मी विचारलं, ‘‘कळला का?’’ म्हणाले, ‘‘नाही. पण याच माणसाने फाळक्यांच्या शोधात वर्षानुवर्षं घालवलीत, त्यामुळे मी त्याला सोडणार नाही.’’ तेही खरं आहे. कमल स्वरूप यांच्या फाळक्यांवरच्या ‘रंगभूमी’ या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे.

मग ‘घाशीराम कोतवाल’, १९७६ चा. इन्स्टिट्यूटच्या मुलांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून तो केला. पटकथा तेंडुलकरांची, ओम पुरींचा पहिला चित्रपट, आणि नाना फडणवीस झालेले डॉ. मोहन आगाशे. सहकारी म्हटल्यावर आमच्या खजिनदारांचा पहिला प्रश्न, ‘‘त्यांचं ऑडिट कोण करायचं?’’

आणि सईद मिर्झा. यांची नावं म्हणजे थेट माणसाला हाक. ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’, ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’, ‘मोहन जोशी हाजिर हो’, ‘सलीम लंगडे पे मत रो’. आम्ही लगेच प्रत्येक सभासदावर एकेक बसवलं. माझ्या वाट्याला आलं ‘सेक्रेटरी को गुस्सा क्यों आता है’. ते इतकं चिकटलं की वॉचमनसुद्धा पाठीमागे तेच म्हणतो. मला ऐकू येतं.

यातला ‘मोहन जोशी हाजिर हो’ नानांनी आणला होता. १९८४ चा. म्हातारा-म्हातारी, भीष्म साहनी आणि दीना पाठक, मोडकळीला आलेल्या चाळीची दुरुस्ती व्हावी म्हणून मालकाविरुद्ध कोर्टात जातात. वकील पैसे खात राहतात, तारखा पडत राहतात, शेजारी टिंगल करतात. शेवटी न्यायाधीश पाहणीला येणार म्हटल्यावर मालक रातोरात इमारतीला टेकू लावून देतो, आणि मोहन जोशी ते टेकूच खाली ओढतो. नाना तो बघताना एकदाही हसले नाहीत. नंतर म्हणाले, ‘‘आमच्या चाळीला असेच टेकू होते. पावसाळ्यात रात्री लाकूड कुरकुरायचं. आई उठून बसायची.’’ एवढंच बोलले आणि चादरीची घडी घालायला लागले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझ्या घड्याळाप्रमाणे दहा मिनिटं केव्हाच झाली आहेत, पण अध्यक्षांची परवानगी मी आधीच घेतली आहे.

तीन वर्षांपूर्वी आपण ए-विंगला लिफ्ट बसवली. तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदांची वयं झाली, गरज होतीच. वर्गणी सर्वांना सारखी, मग तुम्ही लिफ्ट वापरा की न वापरा. नियम तसा आहे आणि तो बरोबर आहे. नानांनी पैशाला हरकत घेतली नव्हती. त्यांनी एक पत्र दिलं होतं, की लिफ्टचा डक्ट नियोजित जागेपेक्षा तीन फूट सरकवला तर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला उजेड जाणार नाही. एक पानाचं पत्र, सुवाच्य अक्षर. मी ते फायलीला लावलं. कंत्राटदाराला विचारलं नाही. खरं सांगतो, घाई होती आणि मला वाटलं, तळमजल्याचा सभासद आहे, वर्गणी टाळायला काहीतरी काढतोय.

वर्गणीची तारीख उलटल्यावर मी थकबाकीदारांना नोटीस काढली आणि बोर्डावर यादी लावली. त्यात ए-दोन होतं. खाली माझं नेहमीचं वाक्य, ‘संबंधित सभासदांनी कमिटीसमोर हजर राहावे.’ दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या वाक्याखाली पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘मोहन जोशी हाजिर हो!’

अक्षर ओळखीचं होतं. मला हसू यायला हवं होतं. बारा वर्षं आम्ही दुसरं काय करत होतो? पण मला राग आला. सेक्रेटरीची चारचौघांत चेष्टा झाली असं वाटलं. मी पुढच्या कमिटी सभेत विषय घेतला आणि इतिवृत्तात नोंद करवली, ‘नोटीस बोर्ड विद्रूप केल्याबद्दल सभासद ए-दोन यांचा निषेध.’ त्याची प्रत त्यांना पाठवली. त्यानंतर आठवड्याने टपालपेटी साफ करताना वीजबिलांच्या गठ्ठ्याखाली नानांचा चेक सापडला. तारीख माझ्या पहिल्या नोटिशीच्या दोन दिवस आधीची. रक्कम पूर्ण.

चेक बँकेत भरला, पावती वॉचमनबरोबर पाठवली. मी स्वतः गेलो नाही. चौदा पावलांवर घर आहे.

त्या दिवसापासून नाना शनिवारी आलेले नाहीत. आम्ही चौघे बसतो, पण खरं सांगायचं तर महिन्यातून एखाद्या वेळीच. नावांचा खेळही मंदावला. रस्त्यात भेटले की नाना नमस्कार करतात, तब्येत विचारतात, आणि पुढे जातात. भांडले असते तर बरं झालं असतं. गेल्या दिवाळीत काकूंनी आमच्याकडे फराळाचा डबा पाठवला. तो परत द्यायला आमच्या घरातून गेल्या, तर भर दुपारी दोन वाजता काकू दिवा लावून पोळ्या करत होत्या. हे मला घरी येऊन सांगितलं गेलं. कोणत्या सुरात ते विवाहित मंडळींना कळेल.

नाना, तुम्ही पाचव्या रांगेत काकूंच्या शेजारी बसला आहात, मला दिसताय. निषेध लेखी झाला होता, म्हणून हेही लेखी व्हावं असा माझा आग्रह आहे. संपादक मंडळाला मी सांगितलंय की भाषणातलं काही कापलं तरी चालेल, हा भाग कापायचा नाही. चूक माझी होती. पत्र न वाचता फायलीला लावलं ही पहिली, पेटी न बघता यादी लावली ही दुसरी, आणि विनोद कळूनही कळला नाही असं दाखवलं ही तिसरी आणि मोठी. गेल्या महिन्याच्या कमिटी सभेत मी स्वतः ठराव मांडून ती निषेधाची नोंद रद्द करून घेतली आहे, ठराव एकमताने मंजूर झाला. डक्ट आता हलवता येत नाही. पण समोरच्या कंपाउंड भिंतीला पांढरा रंग दिला आणि तिथला पत्रा काढून पारदर्शक शीट घातली तर स्वयंपाकघरात बराच उजेड येईल, असं बी-सात म्हणतात, ते सिव्हिलवाले आहेत. खर्च सोसायटी करणार नाही, मी करणार आहे. तुमची हरकत नसेल तर सोमवारी माणूस येईल. हरकत असेल तर तसं पेन्सिलने बोर्डावर लिहा.

आणि वही मी आणली आहे. ही बघा. तीन वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी पाळी तुमची होती. तारीख आहे, पुढे ए-दोन लिहिलेलं आहे, सिनेमाचा रकाना मोकळा आहे. त्यानंतरच्या ओळी आम्ही भरल्या, ही भरली नाही. येत्या शनिवारी साडेसातला, ऑफिसात, कारण गच्चीवर वॉटरप्रूफिंग चालू आहे. चादर धुतलेली आहे.

नाना, काय आणताय?

(यावर पाचव्या रांगेतून उत्तर आले, ते सभागृहात सर्वांनी ऐकले. वहीत त्या ओळीवर ‘पिठाचे पंजे’ अशी नोंद करण्यात आली आहे. – सं.)